दोन चार्जर, एक बॅटरी

बुद्धपौर्णिमेला दुपारी दोन वाजता कळलं, की विजेची लाईन चार ते आठ बंद राहणार आणि विहारातली माइकची बॅटरी पार उतरलेली आहे. बारा वर्षं कोरसात मागे उभं राहून टाळ्या वाजवल्यावर यंदा पहिल्यांदा रुख्माबाई एकटी गाणार होती, तेही सहा वाजता.

"बॅटरी भराले चार तास लागतात," तिचा धाकटा भाऊ महागू म्हणाला. लांजीत त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं.

"दोन चार्जर संगंच जोडू, दोन तासांत फुल!" नवरा हिरालाल गरजला. मलाजखंडच्या खाणीत तीस वर्षं वायरमन राहिलेला माणूस तो. "एक माझा, एक तुझा."

"तुमचा चालते का पण, भाऊजी?"

"तुह्या जन्माच्या आधीपासून चालून राह्यला!"

दोन्ही चार्जर एकाच बॅटरीला जोडले गेले. पण श्रेय काही असं वाटून घेता येत नाही. हिरालाल पाणी प्यायला जाताच महागूनं त्याच्या चार्जरचा चिमटा हळूच सैल करून सोडवला. गाण्यापुरती बॅटरी माझा एकटाच भरेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. थोड्या वेळानं महागू सतरंज्या आणायला गेला, तेव्हा हिरालालनं कपाटामागे हात घालून त्याचा प्लग उपसला. त्यालाही अगदी तसंच वाटत होतं. मग त्याला आपल्या चार्जरवर हिरवा दिवा दिसला. चिमटा सुटला तरी तो लागतो, पण चिमट्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

"फुल झाली!" त्यानं जाहीर करून टाकलं.

सहा वाजता रुख्माबाई माइकसमोर उभी राहिली. माइक एकदा कण्हला आणि गप्प झाला.

"भाऊजी, तुमचा चिमटा तं मीच काढलो होतो! माह्या चार्जरले काय झालं?"

"अरे, त्याचा प्लग मी काढलो ना!"

सगळा विहार हसला. रुख्माबाई मात्र हसली नाही. "दोघंबी बाजूले व्हा," म्हणत तिनं माइक सरकवला, पदर खोचला आणि गायला सुरुवात केली. बारा वर्षं दाबून ठेवलेला आवाज तो! रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या, पलीकडच्या वॉर्डातली माणसं चालत आली. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेचनात. हिरालालचे तर डोळे भरून आले.

पलीकडच्या वॉर्डाचा तेजराम गर्दीतून पुढे आला. "साऊंड कोनाचा हाय? आमच्या कार्यक्रमाले पाह्यजे."

"माहा," रुख्माबाई म्हणाली. "बॅटरी लागत नाई. दोन दिवस आधी सांगजा."

हिरालालनं घसा साफ केला. "आमी बी येऊ का?"

"या ना," ती म्हणाली. "सतरंज्या उचलाले दोन मानसं लागतेच."