चलथाणला अडकलेली गाडी

ज्याला रिक्षाचं इंजिन भर रस्त्यात उघडून अर्ध्या तासात पुन्हा बसवता येतं, त्याला खेळण्यातली आगगाडी चालवायला कितीसा वेळ लागणार? पंधरा मिनिटं. मधे चहा झाला तर वीस. हे योगराजने तापीच्या घाटावर, डोक्याचा नुकताच गोटा केलेला असताना, पन्नास माणसांसमोर सांगून टाकलं. बापाच्या दहाव्याला तरी माणसाने बढाई मारू नये, पण त्याचाही इलाज नव्हता. कावळा शिवत नव्हता.

योगराजचे वडील निंबा पाटील म्हणजे उधना स्टेशनातून निवृत्त झालेले, गाड्यांना रूळ बदलून देणारे पॉइंट्समन. दहा दिवसांपूर्वी सुरतमधल्या लिंबायतच्या घरात दुपारचं जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दशक्रियेला पिंड मांडला, कावळे आले, चांगले आठ-दहा आले, आणि कठड्यावर बसून राहिले. सुरतचे कावळे ते. लोचो आणि खमण खाऊन वाढलेले. त्यांना साध्या भाताचं काय कौतुक असणार?

मग मेलेल्याची इच्छा काय राहिली असेल याचा शोध सुरू झाला. योगराज हात जोडून म्हणाला, "आबा, मायला मी सांभाळीन." एकही कावळा हलला नाही. "आबा, तंबाखू सोडतो." एका कावळ्याने पाठ फिरवली. कामरेजला दिलेली थोरली बहीण सुषमा पुढे झाली आणि म्हणाली, "आबा, योगराज तेहतीस वर्षांचा झाला, याचं लग्न आम्ही लावून देऊ." त्यावर दोन कावळे उडूनच गेले.

शेवटी भिकनकाका, म्हणजे निंबाचे धाकटे भाऊ, योगराजच्या कानाशी लागले. "आरे, त्यानी गाडीनं सांग."

ही गाडी म्हणजे निंबाचा सहा वर्षांचा उद्योग. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या वरच्या खोलीत प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून त्यावर ताप्ती लाइन उभी केली होती. उधन्यापासून दोंडाईच्यापर्यंत, कारण त्यांचं गाव दोंडाईच्याजवळ. रोज रात्री योगराज धंद्यावरून आला की ते म्हणायचे, "योग्या, वर ये, गाडी बघ." योगराज म्हणायचा, "उद्या, आबा." दिवसभर सुरतच्या ट्रॅफिकमध्ये घालवलेल्या माणसाला घरी येऊन आणखी एक वाहन बघायची हौस नसते. बाप काय, उद्याही असणारच होता.

आता घाटावर त्याला एकदम सगळे ते उद्या आठवले. अशा वेळी माणूस नको तेवढं कबूल करतो. "आबा, तेराव्याच्या आत तुमची गाडी दोंडाईच्याला पोचवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. शब्द." आणि कावळा खाली उतरला! नंतर कळलं की नेमक्या त्याच वेळी काकांच्या पिशवीतले गाठिये पिंडाशेजारी सांडले होते. पण तोवर शब्द गेला होता, आणि तो पन्नास जणांनी ऐकला होता.

संध्याकाळी योगराज वर गेला. खोलीत शिरला आणि दारातच उभा राहिला. बापाने काय काय केलं होतं! तापी नदी निळ्या साडीच्या तुकड्याची. झाडं लूमवर वाया गेलेल्या हिरव्या धाग्याची. चलथाणला खराट्याच्या काड्या रंगवून उसाचा मळा केलेला, त्यामागे साखर कारखान्याचं धुराडं. उधना स्टेशनाबाहेर एक पिवळी-हिरवी रिक्षा उभी होती, आणि तिच्या नंबरप्लेटवर मुंगीएवढ्या अक्षरांत योगराजच्याच रिक्षाचा नंबर होता. योगराज तिथे बराच वेळ बसून राहिला. वीस मिनिटं तर त्यातच गेली.

मग त्याने बटण दाबलं. इंजिन आणि मागचे तीन डबे उधन्याहून निघाले, वळणावरून डौलात गेले, आणि चलथाण स्टेशनात थांबले. थांबले ते थांबलेच. योगराजने पेट्रोलच्या फडक्याने रूळ पुसले. गाडी चलथाणला थांबली. त्याने चाकांना तेल दिलं. गाडी चलथाणला थांबली, फक्त आता तेलाचे थेंब टाकत येऊन थांबली. त्याने फळीखाली डोकं घालून पाहिलं, तर खाली शंभरेक वायरी, सगळ्या काळ्या. रेल्वेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वायरीचे रंग वेगळे ठेवावेत एवढं सुचू नये? का सगळं आपल्यालाच माहीत, म्हणून बाकीच्यांसाठी काही लिहून ठेवायचंच नाही?

खालून, स्वयंपाकघरातून, माय काहीतरी म्हणाली. माय म्हणजे उषाबाई. तेरा दिवस तिने एका कोपऱ्यात बसायचं, ही रीत. तिचा कोपरा स्वयंपाकघरात, कारण इतर खोल्यांत पाहुणे. "योग्या, आयक ना रे, ती गाडी..."

"माय, तू बस. मी बघतो," योगराज वरूनच म्हणाला. सुषमाला वाटलं, मायला काहीतरी हवं आहे. तिने मायला चहा दिला.

अकराव्या दिवशी राघो इलेक्ट्रिशियन आला. राघो गल्लीतलाच, पण कामाला हात घातला की गुजरातीत शिरायचा. "टेन्शन ना ले, योगराजभाई. हमणा थई जाशे." आत्ता होऊन जाईल, असं म्हणून त्याने निदान केलं की गाडीला करंट कमी पडतो. "तुझ्या रिक्षाची बॅटरी काढ. बारा व्होल्टची ना? ही पण बाराची. डायरेक्ट देऊ." योगराजने बॅटरी वर आणली. राघोने चलथाणच्या रुळांना दोन चिमटे लावले, तेही उलटे.

गाडी निघाली. खरं सांगायचं तर ती सुटली. चलथाणहून उधन्याकडे, उलटी, बुलेट ट्रेनच्या ऐटीत. उधना स्टेशन तिने न थांबता पार केलं, पुढे रूळ संपले, खिडकी आली, आणि निंबा पाटलांची पॅसेंजर खिडकीतून थेट लिंबायतच्या गल्लीत गेली.

खाली ओट्यावर बायका सांत्वनाला बसल्या होत्या. इंजिन शेजारच्या धुरपदाबाईंच्या मांडीत येऊन पडलं. धुरपदाबाईंचं वय ब्याऐंशी. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "निंबानी कोले लेवाले धाडी?"

कोणाला न्यायला पाठवली, हा प्रश्न तसा रास्त होता. क्षणात सगळा ओटा रिकामा झाला. धुरपदाबाई घरी जाऊन दाराला कडी घालून बसल्या, आणि सुनेला सांगून ठेवलं की माझ्या नावाची गाडी आली तर म्हणावं, गावाला गेली. संध्याकाळपर्यंत साऱ्या लिंबायतमध्ये बातमी झाली की निंबा पाटलाची गाडी आपोआप चालते आणि माणसं शोधते. बाराव्या दिवशी चार अनोळखी माणसं नारळ घेऊन आली. एकाने तर विचारलं, रिझर्व्हेशन लागतं का.

योगराजने इंजिन चिकटवलं, डबे जोडले, आणि पुन्हा सोडलं. गाडी चलथाणला थांबली. खालून माय म्हणाली, "आरे योग्या, पोरा, माले इचार तरी..." सुषमाने चहा दिला. मायचा त्या दिवसातला तो सातवा कप होता.

योगराजचं जेवण सुटलं होतं. लोकांना वाटलं, इज्जतीचा प्रश्न आहे म्हणून. तसं नव्हतं. बापाने आयुष्यात त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीसुद्धा फुकटची, आणि त्याने ती दिली नव्हती. आता तेराव्यापर्यंत ती देता आली तर आली, नाहीतर पुढे द्यायची कोणाला? हे कोणाला सांगणार? तो वायरी हातात घेऊन बसायचा आणि डोळे पुसायचा, आणि राघो म्हणायचा, "सोल्डरचा धूर लागतो रे, भाई."

तेराव्याला गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा दिवस. योगराजला पगडी बांधली. दोनशे माणूस जमलं. दोंडाईच्याकडचे नातलग आले, सुषमाची सासरची मंडळी कामरेजहून टेम्पो करून आली. वरण-बट्टी तयार, वांग्याची भाजी तयार. पत्रावळी मांडणार एवढ्यात भिकनकाका उभे राहिले.

"आधी गाडी. मंग जेवण. मेल्या माणूसले दिधेल शब्द शे. भाऊ तठे चलथाणले बठेल शे, आन आपन आठे बट्टी खावूत?"

झालं! दोनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आता चलथाणला अडकला. निम्मे जिन्यात चढले, निम्मे गल्लीत मान वर करून उभे राहिले. योगराजने पगडी सावरून बटण दाबलं. गाडी उधन्याहून निघाली, वळणावरून गेली, चलथाणला थांबली.

कोणीतरी सुचवलं, हाताने ढकला. काका भडकले. निंबाने बत्तीस वर्षांत एकदा तरी गाडी हाताने ढकलली होती का? दुसऱ्याने सुचवलं, दोंडाईच्याची पाटीच उचलून चलथाणला लावा. हा सुषमाचा दीर होता आणि त्याला भूक लागली होती. तिसरा म्हणाला, बट्टी गार झाली की दगड होते. जिन्यातून हळूहळू माणसं उतरू लागली, आणि उतरताना जी कुजबुज होते ती होऊ लागली. पाणी पिऊन येतो, म्हणून योगराज खाली स्वयंपाकघरात गेला.

माय कोपऱ्यात बसली होती. दहाव्याच्या दिवसापासून तिच्या शेजारच्या भिंतीला बट्टीच्या पिठाचे कट्टे रचून ठेवले होते. ते आज रिकामे होऊन भिंत मोकळी झाली होती. योगराज मायजवळ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"माय, गाडी पुढं जातच नाही."

"माले कोनी इचारं का?" माय म्हणाली. "तेरा दिन व्हई गयात. जो उना तो माले चहा दी गया."

मग तिने मागे न बघता भिंतीवर हात नेला. चुलीच्या बाजूला, कट्ट्यांमागे झाकला गेलेला, तेलाने काळा पडलेला एक खटका होता. तो बंद पडलेल्या जुन्या पंख्याचा असेल, असंच घरात सगळे समजत. त्याची वायर छतातून वर गेली होती. चलथाणच्या पुढचे सगळे रूळ त्या खटक्यावर होते. निंबा वरून गाडी चलथाणपर्यंत आणायचे आणि हाक मारायचे, 'उषा, लाइन क्लिअर?' माय भाकरी थापता थापता खटका दाबायची. चलथाणची स्टेशनमास्तर सहा वर्षं ती होती.

"मग आधीच का नाही दाबलंस?" योगराजने विचारलं.

"कट्टा तू हलाव्या व्हतास का? आन वरतून इचारेशिवाय द्यायचं नही, असं त्यास्नं म्हननं. नियम शे त्यास्ना."

योगराजला हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. डोळे पुसत तो म्हणाला, "पण आबांनी चलथाणलाच का थांबवली? पुढे जाऊ द्यायची ना सरळ."

माय पदराशी चाळा करत राहिली. सांगावं की नको, असं तिचं झालं असावं. मग तिने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, तक्रार म्हणून नाही.

"तुनी रिक्षाना आवाज उना का तुना आबा गाडी चलथाणलोंग लयी ये आन थांबाडी ठेये. म्हने, योग्या वर येई, मंग सोडसू. तू जेवे, मोबाईल लिसन आडा पडे. मंग तुना आबा वरतून सांगे, उषा, दे आते लाइन. आज नही येत तो."

बाहेर दोनशे माणूस कलकलत होतं, त्यातलं योगराजला काही ऐकू आलं नाही. त्याने विचारलं, "रोज?"

"रोज."

"तू चल ना वर. तू बघ आधी."

"मना गुडघा चढतस का जिना? मी कोठे देखेल शे ती गाडी," माय म्हणाली. "तू जाय. लोके उपाशी शेतस."

योगराज जिना चढून वर गेला. पगडी त्याने काढून हातात घेतली होती. फळीच्या कडेला तो गुडघ्यांवर बसला, म्हणजे डोळे बरोबर रुळांच्या उंचीला येतात, आणि घसा खाकरून खाली हाक दिली. "माय, लाइन क्लिअर?"

खालून खटका वाजला.

गाडी चलथाणहून हलली. उसाच्या मळ्याजवळून गेली, साडीच्या तापीकाठाने गेली, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार करत, एका बोगद्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली, आणि दोंडाईच्याच्या पाटीसमोर हलकेच उभी राहिली. भिकनकाकांनी घड्याळात पाहिलं.

"झायं?" ते म्हणाले. "इतलंच? चाळीस सेकंद?"

योगराजने मान हलवली. इतकंच.

माणसं भराभर खाली उतरली. पत्रावळ्यांचा आवाज सुरू झाला, वाढप्यांची हाकाहाक सुरू झाली. खोलीत योगराज एकटा उरला. तेवढ्यात खालून मायने, सहा वर्षांच्या सवयीने, विचारलं, "पोचनी का?"

योगराजला उत्तर द्यायला गाडीपेक्षा जास्त वेळ लागला.