पंधरा मेले वर

प्रेमिलाच्या घरातले दहा किलो तांदूळ रोज सकाळी साडेपाचला फिरायला जात आणि सात वाजता परत येऊन डब्यात बसत. प्रेमिलाला याची कल्पना नव्हती. अलीकडे भात जरा मोकळा होतो एवढंच तिच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचं श्रेय ती नव्या पातेल्याला देत होती.

तांदळांना फिरवून आणणारा इसम म्हणजे तिचा नवरा आनंदराव. वय बेचाळीस, भूमापनाच्या एका कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या डोंगरांवर उंचीचे आकडे घातले होते. स्वतः तो रामटेकच्या पायऱ्यांपलीकडे कधी चढला नव्हता, आणि तिथूनही माकडानं चष्मा नेल्यामुळे अर्ध्यातून परतला होता. १९७९ च्या फेब्रुवारीत त्यानं पेपरात एक जाहिरात वाचली. हिमालयात पायी सफर, चौदा हजार फूट, अनुभवी वाटाड्या सोबत. त्या दिवशी त्यानं एका डोंगराला दोनदा उंची घातली.

हिशेब त्यानं तिथल्या तिथे केला. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, म्हणजे हजार फूट तो जन्मतःच चढून आला होता. ते हजार धरून सात हजारांपर्यंत बस जाते. वरचे हजार थंडीमुळे जाणवणार नाहीत. राहिले सहा. प्रताप नगरातली पाण्याची टाकी साठ फूट उंच होती. म्हणजे टाकी शंभर वेळा चढली की सराव पूर्ण. पाठीवरच्या ओझ्याची सवय व्हावी म्हणून तांदूळ. टाकीच्या चौकीदाराला त्यानं सांगितलं होतं की डॉक्टरनं सांगितलंय. घरी सांगितलं होतं की भाजी आणायला जातो.

वाटाड्याचं नाव ओमप्रकाश. तिशीतला, गोरापान, मूळचा नागपुरातल्याच इतवारीचा. "तुम्ही फिकर नका करू," तो म्हणाला होता. "आतापर्यंत चाळीस लोकाले वर नेलं. एकबी माणूस तक्रार करायले वापस नाही आला." मग त्यानं सामानाची यादी दिली आणि दोन कागद आणायला सांगितले. एक डॉक्टरचा दाखला, दुसरं घरच्या माणसाचं संमतीपत्र, सहीनिशी.

दाखला दहा मिनिटांत मिळाला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "काही होतं का?" आनंदराव म्हणाला, "नाही." डॉक्टरांनी सही केली, कारण बाहेर साठ जणांना काही ना काही होत होतं.

अडचण संमतीपत्राची होती. आनंदराव बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी प्रेमिला स्टूल न धरता त्याचे पाय धरून उभी राहायची. ती सही करण्याची एकच शक्यता होती. पारशिवनीला तिचे वडील धोंडबा राहत, फॉरेस्ट गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. शिवाय सरावाच्या तंबूला बांबू हवे होते, आणि बांबू तिकडचेच चांगले.

आनंदरावानं पोस्टकार्ड लिहिलं. घरातून जाणारं प्रत्येक पत्र प्रेमिला वाचायची आणि खाली दोन ओळी आपल्या घालायची, म्हणून चुकून हाती लागलं तरी तिला काही कळू नये अशा बेतानं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यालाच आपल्या हुशारीचं नवल वाटलं.

"ती. मामाजींस साष्टांग नमस्कार. पंधरा मेला वर जायचे नक्की झाले. धंतोलीच्या डॉक्टरांनीही कागद दिला. सोबत ओमप्रकाश आहे, त्याने चाळीस जणांना वर नेले आहे. प्रेमिलाला अजून सांगितलेले नाही. आपण येऊन तिची समजूत घालावी, तिची सही लागेल. येताना दोन बांबू, दोर व पाच वार पांढरे कापड आणावे. आयुष्यात दुसरी काही इच्छा राहिली नाही. आपला, आनंद."

पांढरं कापड झोपायच्या पिशवीला आतून लावायचं होतं, पण ते लिहायला कार्डावर जागा उरली नाही.

पारशिवनीला धोंडबांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. त्यांनी कार्ड किराणा दुकानदार देवाजीकडून वाचून घेतलं. देवाजी लिहिलेलं वाचत नसे, आपल्या बोलीत सांगत असे.

"पंधरा मेले वर जायचं नक्की झालं," देवाजीनं वाचलं.

"पंधरा मेले?" धोंडबा म्हणाले. "कोठी गा?"

"मेले नाही मामा, मे महिन्याले. तारीख आहे. डॉक्टरनं कागद देल्ला म्हणते."

"तारीख लिहून देल्ली डॉक्टरनं?"

"सायन्स लय समोर गेलं आता." देवाजी पुढे वाचत गेला. बांबूपाशी त्याचा आवाज उतरला आणि पांढऱ्या कापडापाशी त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

धोंडबा मुगाच्या पोत्यावर बसले. "हा ओमप्रकाश कोण असन गा?"

"चाळीस जणाले घेऊन गेला म्हणते," देवाजी म्हणाला. "तिकडचाच असन कोणी."

पुढच्या रविवारी सकाळी धोंडबा, त्यांची बायको जिजाबाई आणि गावातली चार माणसं प्रताप नगरात उतरली. चार माणसं धोंडबांनी निवडून आणली होती, उंचीनं सारखी, म्हणजे खांदे वरखाली होऊ नयेत. एस.टी.च्या टपावरून बांबू उतरवताना कंडक्टर स्वतः वर चढला होता आणि "सावकाश, सावकाश" म्हणत होता. आनंदरावाची खोली दुसऱ्या मजल्यावर. साठीच्या जिजाबाईनं दोन्ही बांबू खांद्यावर घेतले आणि जिना चढून गेली. मागून चार माणसं धापा टाकत आली.

"बाबा, असे एकाएकी?" प्रेमिलानं दार उघडलं.

"जवाईबापू कोठी आहेत?"

"भाजी आणाले गेले."

धोंडबांनी जिजाबाईकडे पाहिलं. "ह्या हालतीत भाजी आणाले गेला माणूस. काय काळीज असन."

"कोणत्या हालतीत?"

"तू बस, पोरी."

"बसते, पण झालं काय? आणि हे बांबू काहून आणले?"

"त्याईनंच मांगवले," धोंडबा म्हणाले आणि कार्ड पुढे केलं.

प्रेमिलानं कार्ड वाचलं. मग उलटून पत्ता वाचला, कदाचित दुसऱ्या कोणाचं असेल म्हणून. मग खाली बसली. "म्हणूनच," ती हळू आवाजात म्हणाली. "महिनाभर पाहून राह्यली मी. भाजी घेऊन येते तं घामानं न्हायलेले, छाती भात्यासारखी. विचारलं तं म्हणते, बाजारात गर्दी होती. परवा मले म्हणे, मी पंधरा दिवस नसलो तं तू राह्यशील काय. मी म्हटलं, खुशाल." तिनं पदर तोंडाशी धरला. "खुशाल म्हटलं मी, बाबा."

एवढ्यात दारात आनंदराव आला. चौऱ्याऐंशीवी चढाई नुकतीच झाली होती. शर्ट चिंब, हातात दोन मेथीच्या जुड्या, पाठीवर दुपट्ट्यानं बांधलेला डबा. भिंतीशी एका उंचीची चार माणसं उभी होती. कोपऱ्यात बांबू होते, वर दोर होता, खाली कापडाची घडी. आनंदरावाचा चेहरा उजळला.

"आणले का मामाजी? एकदम सरळ आहेत." त्यानं बांबू ठोकून पाहिला. मग कापड गालाला लावून पाहिलं. "मऊ आहे. टोचणार नाही." आणि कोणी काही म्हणायच्या आत कापड जमिनीवर अंथरून, पाठीवरचा डबा तेवढा कुशीला सरकवून, तो त्यावर लांब झाला. "पायाकडे जरा कमी पडते. पण पाय पोटाशी घेईन मी."

चौघांपैकी एक जण बाहेर जाऊन उभा राहिला.

"किती दिवस झाले तुमाले माहीत होऊन?" प्रेमिलानं विचारलं.

आनंदरावाला वाटलं, मामाजींनी समजूत घातलेली दिसते. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "अडीच महिने."

"आणि मले सांगतलं नाही."

"तू जाऊ देल्लं नसतं."

"कोण जाऊ देते?"

"म्हणून तं मामाजीले बोलावलं. मामाजी, सांगा ना तिले. अठ्ठावीस तारखेले वापस येतो मी. तिच्यासाठी शालबी आणतो."

बाहेर उभा राहिलेला माणूस आत आला.

"वापस?" धोंडबा म्हणाले.

"हाव. वर काही राह्यता येत नाही. तेरा दिवसांचंच आहे."

हा तेरावा ऐकून धोंडबा बोटांवर दिवस मोजू लागले. पहिल्यांदा उमगलं ते जिजाबाईला. ती पुढे झाली आणि जावयाच्या डोक्याशी वाकून म्हणाली, "जवाईबापू, वर म्हंजे कोठी?"

"हिमालयात."

मरण सगळ्यांना माहीत होतं, ते घरोघरी येतं. हिमालयात पारशिवनीचा जावई कोणी गेलेला नव्हता.

"म्हंजे बिमारी नाही?" प्रेमिला म्हणाली.

"नाही."

"कोणी बोलावलं नाही, काही नाही, धडधाकट माणूस स्वतःच्या पायानं बर्फात जाऊन राह्यला?"

"सोबत ओमप्रकाश आहे."

"आणि हे कुशीले काय आहे?"

आनंदराव उठून बसला. "तांदूळ."

"आपले?"

"हाव."

"रोज?"

"रोज."

नवऱ्याच्या मरणाची बातमी तिनं बसून ऐकली होती. आता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आणि मी पातेल्याचं कौतुक करत बसली," ती म्हणाली.

अखेर धोंडबांनी निवाडा केला. दोन बांबू तोडून आणले, चार माणसं आणली, तर एवढ्यावर परत जाणं बरं दिसत नाही. उद्या धंतोलीला जाऊ, डॉक्टरला समोरासमोर विचारू. तो हो म्हणाला तर प्रेमिला सही करील. प्रेमिलानं मान हलवली. आनंदरावाला वाटलं, जिंकलं.

सोमवारी आठ माणसं एका पेशंटसाठी आत शिरली तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठले. आठ जणांसमोर "काही होतं का" विचारून भागणार नव्हतं. त्यांनी आनंदरावाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. असा रविवार झाल्यानंतर पारा चढू लागला तो कुठे टेकेचना. आनंदरावाच्या घराण्यातली ती सर्वात मोठी चढाई होती.

"हे कुठेही वर जाणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "स्टुलावरसुद्धा नाही."

"पाय धरते मी, मले माहीत होतं," प्रेमिला म्हणाली.

आनंदरावानं खिशातलं संमतीपत्र काढलं, त्याची घडी सरळ केली आणि पुन्हा खिशात ठेवलं. ते कोणी पाहिलं नाही. जिजाबाईनं पाहिलं.

तिनं रिकाम्या स्टुलावर बसून हात पुढे केला. "माझंबी पाहा."

डॉक्टरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिला वीस वेळा पायरी चढउतार करायला लावली आणि नाडी मोजली. "या बाई जातील चौदा हजार फूट," ते हसत म्हणाले.

"कागदावर द्या."

"काय वं?" धोंडबा म्हणाले.

"तुम्ही चाळीस साल जंगल फिरले. मी नाक्यावर बसून भाकरी थापल्या. डोंगराच्या तिकडे काय आहे, कधी विचारलं तं म्हणे, दुसरा डोंगर. आता मी पाहून येते. तुम्ही थापा."

धोंडबांचं तोंड उघडं राहिलं ते संध्याकाळी ओमप्रकाशकडे पोचेपर्यंत. ओमप्रकाशला चालत होतं. "जागा खाली नाही ठेवता येत मावशी, तंबू जोडीनं आहेत," तो म्हणाला. "घरच्या माणसाची सही तेवढी पाहिजे." धोंडबांनी पेन उलटंसुलटं करून परत दिलं. तेव्हा सही आनंदरावानं केली. नाव लिहायला त्याला जरा वेळ लागला.

पाहुणे गेल्यावर आठ दिवसांत त्याचा रक्तदाब खाली आला. पण तोवर यादी दिल्लीला गेली होती. पांढऱ्या कापडाची पिशवी प्रेमिलानं शिवून दिली, पायाकडे पुरली. एक बांबू जिजाबाईनं काठीएवढा तोडून घेतला. पंधरा तारखेला ती चारही माणसं पुन्हा आली आणि तिची वळकटी स्टेशनपर्यंत खांद्यावरून घेऊन गेली. वळकटी जराही कलली नाही.

सव्वीस मेला संध्याकाळच्या डाकेनं कार्ड आलं. प्रताप नगरचा पोस्टमन नत्थूजी खालून हाक मारून कार्ड टाकत असे. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन जिना चढून आला.

"भाऊ, ह्या जिजाबाई तुमच्या कोण?"

"सासू," आनंदराव म्हणाला.

"कधी गेल्या?"

"पंधरा मेले."

नत्थूजीनं चौकटीला हात टेकला. "बाकीचे चौदा आपल्याच भागातले काय?"

"काही आपले, काही अमरावतीचे. ओमप्रकाशनंच नेलं सगळ्याईले."

नत्थूजीनं कार्ड दोन्ही हातांनी दिलं आणि पाणी न घेता उतरला. अक्षर ओमप्रकाशचं होतं, बोलणं जिजाबाईचं.

"जवाईबापूस आशीर्वाद. मी सुखरूप वर पोचली. इथं थंड आहे, पण लय शांत वाटते. खालच्या कोणत्याच गोष्टीची आठवण येत नाही. प्रेमिलाच्या बाबाले सांगा, रडू नका, आपलं आपण करून खा. तुमची सही होती म्हणून मले हे दिसलं. पुढल्या साली तुम्हा दोघाईले घेऊन येतो असं ओमप्रकाश म्हणते. तयार राहा."

आनंदरावानं कार्ड दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उचलला.

"कोठी चालले?" प्रेमिलानं विचारलं.

"टाकीवर. सोळा राह्यल्या माझ्या."

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं. मग फळीवरचा तुरीच्या डाळीचा डबा काढला आणि पदर खोचला. "जोडीनं जागा असते म्हणते ना. बांधून द्या माह्या पाठीवर."

कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी नत्थूजी मघापासून सायकल धरून उभा होता. त्यानं त्या दोघांना हातात हात घालून टाकीचा जिना वर चढताना पाहिलं, कार्डातली शेवटची ओळ त्याला आठवली, आणि सायकल तिथेच टाकून तो पळत सुटला.

पाच मिनिटांत तो चार माणसं घेऊन आला. घाईत मिळाली तशी आणली होती. उंचीनं सारखी नव्हती.