वडिलोपार्जित सून

राहीबाईच्या बशीतल्या चहावर बारीक वर्तुळं उठत होती. एरवी मानकोलीच्या नाक्याकडून एखादा कंटेनर घरासमोरून गेला की अशी वर्तुळं उठायची, कडेपर्यंत पसरायची आणि कंटेनर पुढे गेला की विरायची. आज रस्ता मोकळा होता, तरी ती थांबत नव्हती. बशी खाली ठेवल्यावर राहीबाईच्या ध्यानात आलं, की हलतोय तो आपला हात.

समोर सून उभी होती, हातात फोन घेऊन.

"आई, ठान्याच्या हापिसातून फोन व्हता. माज्या अर्जावर कोनीतरी हरकत घेतलीय. गुरवारी बोलावलंय."

"हरकत? तुज्यावर? तू कोनाचं काय घोडं मारलंय?"

"म्हाईत न्हाय," मारिसेल म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

मारिसेल फिलिपिन्सची. राहीबाईचा मुलगा धनेश बोटीवर नोकरीला, तिथल्याच एका बंदरात त्यांचं जमलं. आठ वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा राहीबाईला पंधरा दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. मग एका दुपारी चुलीवर सुकट भाजायला घेतली आणि त्या वासाने ही परकी पोर स्वयंपाकघरात धावत येऊन हसली. त्यांच्याकडेही असंच भाजतात म्हणे. तेव्हापासून दोघींचं सूत जुळलं. मारिसेल मराठी शिकली ती राहीबाईच्या तोंडून, त्यामुळे तिचं मराठी आगरी गावातल्या कोणत्याही बाईइतकं चोख होतं आणि लेकीच्या शाळेतल्या बाईंना त्यातलं निम्मं कळत नसे.

पण तिच्या राहण्याला मुदत असायची. मुदत संपत आली की कागद घेऊन ठाण्याच्या सरकारी ऑफिसात जायचं, ती वाढवून आणायची. ते दिवस आले की राहीबाई वज्रेश्वरीला नवस बोले, मारिसेल परत येईपर्यंत पाणीही पीत नसे. न वाढवली तर? सून गेली तर तिच्यामागे नातही जाईल. धनेशचं काय, तो तसाही समुद्रावरच.

म्हणून या खेपेला बोटीवर जाण्याआधी धनेशने तिच्या भारतीय नागरिकत्वाचा अर्ज भरून टाकला. अमुक गावात राहणारी अमुक बाई नागरिकत्व मागते आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी, अशी रीतसर नोटीस पेपरात दिली. सगळं झालं होतं. राहिलं होतं ते एकच, स्वतःच्या देशाचा पासपोर्ट सोडते असं मारिसेलने लिहून देणं. तो विषय निघाला की ती म्हणायची, "बघू." किती महिने ती 'बघू'च म्हणत होती. का, ते राहीबाईने कधी विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर आलं तर काय करायचं?

आता ही हरकत. राहीबाईला पहिलं नाव सुचलं ते महादूचं. महादू म्हणजे तिच्या नवऱ्याचा, दाजींचा चुलतभाऊ, खाडीच्या कडेच्या जमिनीच्या तुकड्यावरून वाकड्यात गेलेला.

"मी आलेच," ती म्हणाली. "तू घरातनं भाइर पडू नको. कोनी आला तर आवाज देऊ नको."

"का?"

"पोलीस आले तुला न्यायला, तर?"

एवढं बोलूनही तिचं समाधान झालं नाही. उंबरठ्याबाहेर आल्यावर तिने दाराला बाहेरून कडी लावली. घर बंद दिसलं म्हणजे आलेला माणूस परत जाईल, असा तिचा हिशेब.

महादू आपल्या गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता.

"भावजी, भांडन तुमचं दाजींशी. माज्या सुनेच्या वाटंला का गेलाव?"

"कनची सून? काय झालं वैनी?"

"पेपरात तिची नोटीस आली, तिच्यावर हरकत कोनी टाकली?"

महादूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. राहीबाईला वाटलं, सापडला. पण तो उठून उभा राहिला तो भलत्याच काळजीने.

"आपल्या गावाच्या नावानं नोटीस आली? आनि त्याच्यावर कोनीतरी हरकत टाकली बी? आनि मी हितं खुर्चीवर बसलोय!"

"भावजी, तुमी न्हाय टाकली ना? मग बसा खाली."

"बसू कसा? कोनी टाकली म्हंजे काय तरी असंल त्यात." त्याने खिशातून फोन काढला. "मनोज वकील का? महादू बोलतोय. ती नोटीस आलीय ना आपल्या गावची, तिच्यावर माजी पन टाक हरकत. कसली ते मागनं बघू."

गोदामं आल्यापासून गावाला ही खोडच लागली होती. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि लोक पेपर मागच्या पानावरच्या जमिनीच्या नोटिसांपासून वाचू लागले. गावाचं नाव असलेली नोटीस दिसली की आधी हरकत टाकायची, मग जमीन कोणाची ते विचारायचं. हरकत टाकली की समोरचा बोलणीला बोलावतो. आपला हक्क निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी चहा मिळतो. गोदामाच्या फाटकाशी बसलेल्या आणखी पाच जणांनी महादूचं बोलणं ऐकलं होतं. राहीबाई वळून निघेपर्यंत त्यांचेही फोन कानाला लागले होते.

ती धापा टाकत घराशी आली तर अंगणात स्कूटी, आणि दारापुढे पोलीसबाई.

"घर कोणाचंय?"

"आमचं. घरात कोनी न्हाय."

आतून कुकरची शिट्टी झाली.

पोलीसबाईंनी दाराकडे पाहिलं, मग राहीबाईकडे. "शिट्टी कोण मारतंय?"

"भात," राहीबाई म्हणाली. आणखी काही तिला सुचलंच नाही.

बाईंनी स्वतः कडी काढली. आत मारिसेल तोंडावर हात दाबून उभी होती. मघाशी लाल मिरच्या भाजल्या होत्या, त्याचा ठसका ती दाबून धरत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"का रडताय? बोला, घाबरू नका."

मारिसेलने राहीबाईकडे पाहून मान हलवली. "आई म्हनाल्या, आवाज देऊ नको."

पोलीसबाईंनी वही उघडली. "वा! सासू बाहेरून कडी लावते, सून आत रडते, आणि सासरा नागरिकत्वाला हरकत घेतो. आठ वर्षं हेच चाललंय का?"

"सासरा?" राहीबाईने दाराची चौकट धरली. "कोनाचा सासरा?"

"हिचा. तुमचे मिस्टर. हरकत त्यांचीच आहे. म्हणून तर मला पाठवलं, घरात छळ आहे का बघायला."

पोलीसबाई लिहून घेऊन गेल्या. मारिसेलने कुकर उतरवला.

दाजी जेवायला आले ते मनोज वकिलाला सोबत घेऊन. मनोजचा चेहरा पडलेला होता.

"काकी, माझी चूक नाही," तो दारातूनच म्हणाला. "दाजींचा मला कायमचा हुकूम आहे. गावाचं नाव दिसलं की हरकत, विचारायला पण यायचं नाही. मी गावाचं नाव बघितलं आणि पाठवून दिली."

"वाच काय लिवलंस ते."

मनोजने घसा खाकरला. "सदर विषयात माझ्या अशिलाचा वडिलोपार्जित हक्क व हितसंबंध असून, माझ्या अशिलाच्या लेखी संमतीशिवाय त्याबाबत कोणताही व्यवहार केल्यास तो माझ्या अशिलावर बंधनकारक राहणार नाही."

"सुनेवर वडिलोपार्जित हक्क?" राहीबाई म्हणाली. "तुमच्या बापानं आनली व्हती का तिला?"

"एकच मसुदा असतो, काकी. नाव आणि गाव बदलतो मी फक्त. आणि महादूकाका धरून आणखी सहा जणांचा तोच गेलाय आज."

दाजी भिंतीकडे पाहत बसले होते. राहीबाईने त्यांच्यापुढे ताट आपटलं. "आत्ताच्या आत्ता मागं घ्या."

"तसं एकदम न्हाय घेता येत," दाजी म्हणाले. "तीस वर्सांत मी एक बी हरकत मागं घेतली न्हाय. आज ही घेतली की उद्या त्या नव्या गोदामवाल्याला कलंल, दाजी मागं घेतो. मंग मना कोन इचारील?"

"आनि सून गेली मंग?"

"बघू."

या घरात बघू म्हणणारी आता दोन माणसं झाली. धनेशला मेसेज केला, तर बोटीवरून बऱ्याच वेळाने नुसता एक अंगठा आला. तो कशाला होकार होता, ते कोणालाच कळलं नाही.

बुधवारी राहीबाईने पाहिलं, मारिसेल माळ्यावरून आपली मोठी बॅग काढत होती. राहीबाई जिन्याखालीच बसली. पोर चालली. कडी लावली म्हणून चालली, का म्हाताऱ्याने हरकत घेतली म्हणून? बॅग खाली आली, उघडली. मारिसेलने तळाशी ठेवलेले ऑफिसचे कागद काढले आणि बॅग परत वर ढकलली. राहीबाईने देवाचे आभार मानले.

गुरुवारी ठाण्याच्या ऑफिसात साहेबांच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. दाजी आणि महादू एकाच गाडीतून आले होते. भांडण आपल्या जागी, गाडी आपल्या जागी. बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांनी लग्नाला जावं तसे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते.

साहेबांनी एकेक कागद वाचला. वाचता वाचता चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"सात हरकती, आणि सातही जणांचा या बाईंवर वडिलोपार्जित हक्क?"

सातही जण मनोज वकिलाकडे पाहू लागले.

"महादू कोण? बाई फिलिपिन्सला जन्मल्या. तुमचा हक्क कुठून आला?"

"साहेब, तसा न्हाय आला," महादू म्हणाला. "नोटीस आली की टाकायची, गावाची रीत हाय. पोरगी चांगली हाय. माज्या मुलीच्या हल्दीला हिनंच भाकऱ्या थापल्या."

"मग हरकत काय आहे?"

"कायच न्हाय."

"तर मागे घ्या!"

महादूने दाजींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आधी कोण, हा प्रश्न होता. पोलीसबाईंचा अहवाल साहेबांच्या हातात आला. कडीपाशी आल्यावर साहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"दाजी, हे गंभीर आहे. तुम्ही हरकत ठेवणार असाल, तर घरात सुनेला त्रास आहे असं मी धरीन. मग हा विषय माझ्याकडे राहणार नाही."

राहीबाईला लॉकअपचे गज दिसू लागले. दाजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"मागं घेतली," ते पुटपुटले.

"मोठ्याने."

"घेतली मागं! पन साहेब, ते गोदामवाल्याच्या कानावर नको."

मग बाकीच्यांनी पटापट मागे घेतल्या. सह्या झाल्या. साहेबांनी सात कागद एकावर एक ठेवले आणि सुस्कारा सोडून मारिसेलकडे वळले.

"आता वाट मोकळी आहे. फक्त तुमचं लेखी राहिलंय. तुमच्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागेल. आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत."

"आनि आयेला भेटायला जायाचं झालं तर?" मारिसेलने विचारलं.

"तिकडचा व्हिसा काढायचा. इतर लोक काढतात तसाच."

राहीबाई पुढे झुकली. "म्हंजे लेकीनं आयेच्या घरी जायाला परवानगी मागायची?"

"कायद्याने तसंच असतं, आजी."

राहीबाईचं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूचं. मनात आलं की ती भिवंडीच्या स्टँडवर जाऊन बसमध्ये बसायची, दाजींना निरोपसुद्धा नंतर जायचा. एवढी वर्षं ती देवीला म्हणत होती, हिचे कागद पक्के कर. पक्के म्हणजे काय, ते तिला आज कळलं. मारिसेल मांडीवरच्या पासपोर्टवर हात ठेवून बसली होती. किती दिवस ती तसाच हात ठेवून 'बघू' म्हणत होती, आणि राहीबाई भीतीने दुसरीकडे बघत होती.

"साहेब, थांबा जरा." राहीबाईने पदराखाली दोन्ही हात घट्ट धरले. "पोरी, तुला काय पायजे गो? जे असंल ते सांग. आमाला बरं वाटावं म्हनून नको सांगू."

मारिसेलने सासूकडे पाहिलं, मग दाजींकडे. दाजींनी मान खाली घातली.

"साहेब," ती म्हणाली, "अर्ज मी मागं घेतंय. मना पासपोट न्हाय सोडायचा."

महादूने कपाळावर हात मारला. मनोज वकील खाली बसला. राहीबाईला वाटलं, आपण बसलोय ती खुर्चीच कोणीतरी काढून घेतली.

"अहो, सात हरकती काढल्या मी आत्ता!" साहेब म्हणाले. "मग प्रत्येक वेळी मुदत वाढवायला इथे यावं लागेल, विचार केलाय का?"

"यीन की. तुमी दर टायमाला इचारता, हितं ऱ्हायचं हाय का. कोनी तरी इचारलं पायजे." मग तिने राहीबाईचा हात पदराखालून बाहेर ओढून आपल्या हातात घेतला. "पासपोट माजा ऱ्हाईल, आई, आनि मी तुमच्याकडं ऱ्हाईन. दोनी."