गच्चीवरचा इलाज

दुखणं ओळखायला मला डॉक्टर लागत नाही! सेलूत कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मी साधा कारकून असलो, तरी मोबाइलवर वाचून वाचून अर्धा वैद्य झालोय. म्हणूनच ऐन एप्रिलात बायको म्हणाली, "कंबर लय दुखायलीय ओ. पायात जीवच न्हाई. झरीला माहेरी जाऊन चार दिवस पडते," तेव्हा मी जागच्या जागी निदान केलं.

"थकवा, कंबरदुखी, चिडचिड! शिवकन्या, तुझं व्हिटॅमिन डी कमी झालंय. माहेर कशाला? गच्चीवर बसून ऊन खा!"

तिचं माहेर टळलं की आपल्या भाकरीची सोय राहते, हे माझ्या मनात आलंच नाही, असं म्हणणार नाही.

"आधी रक्त तपासू की."

"रक्ताला काय विचारायचं? मी सांगतोय ना!"

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर बसली. आता उन्हाळ्यात बाई गच्चीवर बसली म्हणजे वाळवण राखायलाच, याबद्दल आमच्या गल्लीत कुणाला शंका नसते. शेजारच्या कमलबाईंनी खालून अंगणातूनच हाक मारली.

"शिवकन्या, बसायलीसच तर माझ्या कुरडयांकडं बी बघ गं!"

मागोमाग सरजाबाईंच्या खारोड्या आल्या, समोरच्यांच्या शेवया आल्या. गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही! शिवकन्या दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलायची, वारा सुटला की पसरलेल्या साड्यांवर विटा ठेवत पळायची. आठवड्यात ती जिना उतरताना कण्हायला लागली.

"गुण यायलाय!" मी म्हणालो. "आधी वाढतं, मग उतरतं!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट स्कूटर काढली. नेहमीसारखा तोंडाला रुमाल, हातात मोजे, अंगात फुल बाह्या! दवाखान्यात तिला धीर यावा म्हणून माझंही रक्त दिलं.

रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "ताई, तुमचं डी उत्तम आहे. तुम्ही नुसत्या दमलाय. विश्रांती घ्या." मग माझ्याकडं वळल्या. "तुमचं मात्र तळाला गेलंय. जिना चढताना मांड्या भरून येतात? कंबर धरते?"

"पण मॅडम, आमच्या गावात ऊन काय कमी आहे का?"

"ह्यांच्या अंगाला लागतंय कुठं?" शिवकन्या म्हणाली. "घरात कूलर, ऑफिसात कूलर, मधल्या रस्त्याला रुमाल!"

"ऊन गावात असून भागत नाही, अंगावर पडावं लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्यांसोबत मला ऊन लिहून दिलं.

शिवकन्या झरीला गेलीय. चार दिवस कधीच उलटले! मी बनियनवर गच्चीत बसतो. खालून कमलबाई ओरडतात, "भाऊजी, कावळा!" मी काठी घेऊन पळतो.

काल तिचा फोन आला. "कंबर कशी हाय ओ?"

"लय दुखायलीय गं!"

"गुण यायलाय," ती शांतपणे म्हणाली. "आधी वाढतं, मग उतरतं!"