चंद्रावरच्या आजोबांचा फोटो

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्याची एक भानगड होती. नीट मांडी घालून बसा. मागच्यांनी पुढच्यांना चिमटे काढू नका.

उन्हाळ्यात ते तळं आटायचं. मग उरलेलं पाणी आधी कुणी प्यायचं? तर सशांनी. कारण पौर्णिमेच्या चंद्रावर ससा दिसतो, आणि तो तिथल्या सशांचा खापरपणजोबा. ज्याचे आजोबा चंद्रावर, त्याचा पाण्यावर पहिला हक्क, असा तिथला कायदाच होता. खरं तर ससे पितात चमचाभर. ते आधी प्यायले तर सगळ्यांना पुरतं. पण इतकं साधं कारण सांगितलं तर कायद्याला कोण विचारतो?

एक दिवस शिंगोटे नावाचं सांबर उभं राहिलं आणि म्हणालं, "कसला ससा? चंद्रावर सांबर आहे. ते आमचे आजोबा!"

मग काय, गोंधळच गोंधळ! राज्य होतं वाघिणीचं. राणीसरकारांनी एक जांभई दिली. सगळे गप्प झाले.

"तोंडी काही सांगू नका," राणीसरकार म्हणाल्या. "जमाना बदललाय. येत्या पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला फोटो आणा. फोटोत जो दिसेल, त्याचं पाणी."

सशांचे पुढारी होते तुरतुरे. घरी बायको मंजुळा आणि बिळभर पिल्लं. सांबरं आधी प्यायली तर मागे चिखल उरणार, हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "दुर्बीण घेतो!"

दुर्बीण घ्यायची म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळं जंगल धावलं. ज्यांनी जन्मात मान वर केली नव्हती, तेही धावले. हत्ती म्हणाला, "जाड घे." बगळा म्हणाला, "लांब घे." घुबड म्हणालं, "डोळेच मोठे आणायला हवे होतेस, आता उशीर झाला." रानडुक्कर म्हणालं, "वर काय ठेवलंय? खाली बघ, कंद आहेत."

तुरतुरे कोल्हेशेठच्या दुकानात गेले. सगळ्यात जाड आणि सगळ्यात लांब दुर्बीण बघून त्यांचे कान ताठ झाले.

"हीच!" ते म्हणाले.

कोल्हेशेठ म्हणाला, "तुरतुरेसाहेब, नवीन आहात. छोटी दुर्बीण घ्या. आणि हा कोपऱ्यातला माउंट घ्या. दुर्बीण याच्यावर बसते. वजनदार आहे, हलत नाही. चंद्र सरकेल तसा हळूहळू सरकतो. फोटोचं सगळं याच्यावर आहे."

कोल्ह्याने आयुष्यात पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं. साहजिकच तुरतुऱ्यांना संशय आला.

"मला आजोबांचा फोटो काढायचाय की स्टँडचा?" असं म्हणून त्यांनी ती जाडजूड दुर्बीण उचलली. म्हणजे सहा भाच्यांकडून उचलवली. दुर्बिणीखाली भाचे दिसत नव्हते. नुसतीच दुर्बीण घरी चालत आली असं वाटत होतं.

आता ती ठेवायची कशावर? जंगलात म्हादबा नावाचा गवा होता. पाठ ओट्यासारखी रुंद. तो एकदा उभा राहिला की उभाच.

"म्हादबा, माउंट होशील का?"

"उभंच ऱ्हायचं ना?" म्हादबा म्हणाला. "मग हाय की मी. ठिवा."

पौर्णिमेला दिवस मावळला. चंद्र वर आला, ताटाएवढा. म्हादबाच्या पाठीवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला तुरतुरे. सगळ्या सशांनी श्वास रोखला. म्हादबानेही रोखला. फक्त माशांनी रोखला नाही. एक माशी त्याच्या पाठीवर बसली आणि म्हादबाचं कातडं थरथर, थरथर, थरथर उडालं.

खटॅक!

दरबारात फोटो उघडला. चंद्रावर आजोबा होते, पण त्यांना कान नऊ होते. सगळे फांद्यांसारखे इकडेतिकडे पसरलेले.

शिंगोटे आनंदाने चारही पाय उचलून नाचला. "ही तर शिंगं! बघा, सशानेच आमच्या आजोबांचा फोटो काढलाय!"

"कान आहेत हो ते, हललेले!" तुरतुरे रडकुंडीला आले.

"फोटोत नऊ आहेत," राणीसरकार म्हणाल्या. "नऊ कानांचा प्राणी माझ्या राज्यात नाही. पाणी सांबरांचं."

त्या दिवसापासून सांबरं आधी प्यायली. पोट फुगेपर्यंत प्यायली. मागून पिल्लांना चिखल मिळाला. सगळ्यात धाकटं पिल्लू चिखल चाटून आलं आणि आईच्या कुशीत गप्प पडून राहिलं. मंजुळा नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. मुलांनो, ती बोलली असती तर तुरतुऱ्यांना बरं वाटलं असतं.

तुरतुरे तडक कोल्हेशेठकडे गेले. जाडजूड दुर्बीण परत दिली. बदल्यात छोटी दुर्बीण आणि कोपऱ्यातला माउंट घेतला. माउंट घरी आणायला दोन अस्वलं लागली. एकाची कंबर अजून दुखते म्हणे.

पुढची पौर्णिमा आली. माउंट जागचा तसूभर हलला नाही. चंद्र सरकला तसा तोही अदबीने सरकला. फोटो असा स्पष्ट आला की काय सांगू! चंद्रावरचा खडा न् खडा मोजून घ्या!

त्यात ससा नव्हता. सांबरही नव्हतं. नुसते खड्डे होते.

मंजुळाने फोटो उजेडात धरला. "अहो, ही तर करपलेली भाकरी. आजोबा कुठे गेले?"

"बाहेर गेले असतील," तुरतुरे पुटपुटले. मग त्यांना हुंदका फुटला. "अगं, आपले आजोबा नाहीतच! पण मी खोटं कसं बोलू? हाच फोटो दाखवतो."

"दाखवा," मंजुळा म्हणाली. "वर कुणीच नाही म्हटल्यावर पाणी कुणाचं? सरकारजमा. मग पिल्लांनी तुमचा स्पष्ट फोटो चाटायचा का?"

तुरतुऱ्यांनी हुंदका अर्धवट टाकून डोळे पुसले.

"म्हादबाला बोलवा," मंजुळा म्हणाली.

म्हादबा आला. पाठीवर छोटी दुर्बीण चढली. मंजुळाने गवताची एक काडी घेतली आणि त्याच्या बरगडीला हळूच गुदगुली केली. कातडं थोडं जास्त उडालं. फोटोत चार कान आले. पुन्हा काडी. एकच कान, तोही वाकडा. म्हादबा खिदळायला लागला, त्यात एकदा आजोबांना सोंड आली. पुन्हा काडी, अगदी अलगद. कातडं एकदाच, वरच्या वर उडालं.

खटॅक! दोन कान. लांब, सरळ, खानदानी!

दरबारात राणीसरकारांनी फोटो पाहिला. "ससा आहे खरा. मग मागच्या वेळी सांबर कसं होतं?"

"पाहुणे आले होते," मंजुळा म्हणाली. "गेले."

शिंगोट्याने तोंड उघडलं. फोटो हललाय, असं म्हणावं, तर त्याचाही हललेलाच होता. त्याने तोंड मिटलं.

"पाणी सशांचं," राणीसरकार म्हणाल्या आणि झोपल्या.

त्या संध्याकाळी पिल्लं तळ्यावर गेली. सगळ्यात धाकटं पिल्लू इतकं पाणी प्यायलं, इतकं प्यायलं, की जवळजवळ एक चमचा संपला. मग सांबरं प्यायली, हत्ती प्यायला, डुक्कर लोळलं. तरी पाणी उरलं. मंजुळा काठावर बसून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आता म्हादबाला दम खायला वेळ नाही. पुढच्या पौर्णिमेसाठी अस्वलांनी त्याला ठरवलंय. काडी ती स्वतःचीच आणणार आहेत.

तात्पर्य : बाळांनो, दुर्बीण लहान घ्यायची की मोठी, ही ज्याची त्याची हौस. माउंट मात्र पारखून घ्या. जो मुळीच हलत नाही, तो चुकूनही घेऊ नका. त्याच्यावर आजोबा टिकत नाहीत.