खुर्ची बसने, बाळ विमानाने

टक्.

एवढाच आवाज. पहाटेच्या शांततेत कुणी भुईमुगाची शेंग फोडावी तसा. मुलगी हिमेना आत झोपलेली होती, नवरा एफ्राईन अंघोळीला गेला होता, आणि ग्रिसेल्दा स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्या एका हातात मोजपट्टी होती, दुसऱ्या हातात बाळ येशू. बाळाचं आशीर्वादाचं बोट मात्र कुठल्याच हातात नव्हतं. ते फरशीवर होतं.

बाळ तिचं असतं तर गोष्ट वेगळी. बाळ होतं सासूबाईंचं, म्हणजे घाटापलीकडच्या वाहाका शहरातल्या मातिल्दे यांचं, ज्यांना सगळे मानाने दोन्या मातिल्दे म्हणत, आणि त्यांच्याही आधी त्यांच्या सासूबाईंचं. प्लास्टरचं, काचेच्या डोळ्यांचं, ऐंशी वर्षांचं. दर वर्षी दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, त्याला नवा झगा घालून, छोट्या खुर्चीत बसवून चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला न्यायचं आणि वर्षभराचा आशीर्वाद घेऊन परत आणायचं. त्याला सजवून आणणारी बाई ही त्याची धर्ममाता. हा मान इतकी वर्षं वाहाकाच्या बाहेर गेला नव्हता. या वर्षी दोन्या मातिल्देंनी तो राजधानीत राहणाऱ्या सुनेला दिला होता, आणि नणंद रोसाउरा तेव्हापासून फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलत होती.

सण उद्यावर आला होता. मिस्सा संध्याकाळी सहाची.

ग्रिसेल्दा कॉलेजच्या परीक्षा विभागात वेळापत्रकं बनवायची. चार हजार मुलं, अठ्ठावीस वर्ग, एकाचा पेपर दुसऱ्यावर येत नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो तिच्या चालण्यातसुद्धा दिसायचा. त्यामुळे बाळाला वाहाकाला बसने न्यायचं की विमानाने, हा प्रश्न तिने तीन आठवडे कागदावर सोडवला होता. दोन रकाने. बसच्या रकान्यात साडेसहा तास, घाटातली वळणं, धक्के, हिमेनाची उलटी. विमानाच्या रकान्यात एक तास. बास. एफ्राईन वाहाकाचाच, जन्मभर बसने गेलेला. त्याने कागद वाचला आणि तो एवढंच म्हणाला, की आई आजवर बसनेच सगळीकडे गेली आणि तिचं एकही बोट मोडलेलं नाही.

बोट मोडलं ते विमानामुळेच. खुर्चीसकट बाळ विमानात चढवायच्या मापापेक्षा दोन बोटं उंच भरलं. म्हणून खुर्चीतून काढून एकटंच मोजावं, असं ग्रिसेल्दाला वाटलं. खुर्चीला तसं वाटलं नाही; बोट तिच्या दांडीत अडकलं.

एफ्राईन टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याने फरशीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खाली वाकून बोट उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. कुठे बोलायचं नाही हे त्याला कळत होतं.

*

मधल्या पेठेत बाळांची दुरुस्ती करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, आणि एक फेब्रुवारीला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कडेवर एक बाळ. कुणाचा पाय गेलेला, कुणाची पापणी, एकीच्या बाळाला कुत्र्याने चावलेलं. ग्रिसेल्दाला जरा बरं वाटलं. मग मागची बाई म्हणाली, की आमचं नुसतं रंगवायला आणलंय, आमच्या हातून कधी पडलं नाही.

कारागीर म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्याने बोट उजेडात धरलं, बाळाचा हात धरला, आणि डॉक्टरसारखं विचारलं, "कसं झालं?"

"मोजत होते."

"काय?"

"विमानात मावतो का ते."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोटाऐवजी तिच्याकडे पाहिलं. मग कामाला लागला. आत स्टीलची बारीक तार घातली, वरून लुकण भरलं, आणि सांगितलं, की आजचा दिवस आणि रात्र याला आडवा ठेवायचा, जराही हलवायचा नाही. दुपारच्या विमानाची तिकिटं तिथेच बुडाली.

घरी बैठक बसली. एफ्राईन म्हणाला, पहाटे सहाच्या बसने तिघं निघू, साडेबाराला आईच्या दारात. ग्रिसेल्दा म्हणाली, ओलं बोट घाटातून न्यायचं? सकाळी आठ चाळीसचं विमान आहे, दहाला आपण चॉकलेट पीत असू. शेवटी तोडगा निघाला, तोही तिच्याच डोक्यातून. एफ्राईनने खुर्ची आणि सामान घेऊन बसने जायचं. तिने बाळ आणि हिमेनाला घेऊन विमानाने. एकाच घरातले दोन भाग दोन वाटांनी, पण एकाचा पेपर दुसऱ्यावर येत नाही. रात्री झोपताना ती स्वतःवर इतकी खूश होती, की एफ्राईनने दिवा मालवताना सोडलेला सुस्कारा तिला ऐकूच आला नाही.

*

विमानतळावर सामानाच्या तपासणीपर्यंत सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं. हिमेनाने बूट काढले, बॅग पट्ट्यावर गेली. पट्ट्यापाशी उभी असलेली बाई ग्रिसेल्दाच्या शालीतल्या गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेही ठेवा."

ग्रिसेल्दाने शाल बाजूला केली. पांढरा जरीचा झगा, काचेचे डोळे.

बाईचा हात खाली आला. "अगं बाई. आज याचा सण."

"सहाची मिस्सा आहे, वाहाकाला."

नियम असा होता, की प्रत्येक वस्तू यंत्रातून जायलाच हवी. बाईने तो म्हणून दाखवला, पण ट्रे काही पुढे सरकवला नाही. ट्रेमध्ये कुणाचे तरी बूट होते. शेवटी तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनीही नियम म्हणून दाखवला.

"मग तुम्हीच घाला त्याला आत," बाई म्हणाली. "माझ्या घरी एक आहे. मला संध्याकाळी त्याला तोंड दाखवायचंय."

साहेबांनी टोपी काढली. बाळाकडे पाहिलं, काळ्या भोकाकडे पाहिलं, टोपी परत घातली. त्यांनी असा मध्यम मार्ग काढला, की बाळाला धर्ममातेने हातात घेऊन माणसांच्या चौकटीतून जावं. ग्रिसेल्दा गेली. चौकट किंचाळली. ती मागे आली, पुन्हा गेली, चौकट पुन्हा किंचाळली. तिचे झुमके काढले, पट्टा काढला. मग एकटी गेली, चौकट गप्प.

"त्याच्या बोटात तार आहे," हिमेना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आईने मोडलं."

मग हातातलं यंत्र आलं, कागदाचा बोळा झग्यावर फिरवून तपासायला गेला, त्याचा निकाल यायला वेळ लागला. तोवर मागच्या रांगेतल्या एका आजीने म्हटलं, की आता थांबलोच आहोत तर झग्याला हात लावून घेऊ का. आजींनंतर त्यांची मुलगी, मग एक वैमानिक, मग पट्ट्यापाशी बसलेले तिघं आळीपाळीने. साहेब सर्वात शेवटी, दोनदा. नाही म्हणायला ग्रिसेल्दाची जीभ रेटेना. वर्षाच्या आशीर्वादाला नाही कसं म्हणायचं? ती घड्याळाकडे पाहून हसत राहिली.

दारापाशी पोचली तेव्हा विमान काचेतून दिसत होतं. मागे सरकताना. काउंटरवरची मुलगी हळहळली आणि म्हणाली, पुढचं संध्याकाळी सातला. मग तिनेही झग्याला हात लावला.

*

दहाची बस मिळाली. आत बसल्या बसल्या ग्रिसेल्दाने हिशेब मांडला. साडेचारला पोचू, दीड तास हातात. हिमेनासाठी तिने तीन पिशव्या तयार ठेवल्या होत्या. घाट लागला तशी हिमेना खिडकीला नाक लावून निवडुंग मोजू लागली, आणि तिन्ही पिशव्या ग्रिसेल्दानेच संपवल्या. तेवढा वेळ बाळ शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर होतं. तो गवंडी होता. त्याने एक हात बाळाच्या बोटाभोवती असा धरून ठेवला, की वळण आलं तरी गवंडीच हलायचा.

पाऊणला फोन वाजला. एफ्राईन होता.

"खुर्ची पोचली," तो म्हणाला.

"घरात कोण कोण आहे?"

"सगळे. चाळीसेक असतील. आईने खुर्ची मधोमध ठेवलीय, फुलं घालून. सगळे तिच्याभोवती बसलेत." थोडं थांबून तो म्हणाला, "रोसाउराने विचारलं, की खुर्चीलाच न्यायचं का मिस्सेला."

पावणेचारला, वाहाका पाऊण तासावर असताना, बस थांबली. ती थांबली म्हणजे अशी, की ड्रायव्हरने इंजिन बंद करून खिडकीत पाय टाकले. पुढे गावकऱ्यांनी रस्ता अडवला होता. गावाला चार महिने नळाचं पाणी नव्हतं. दुपारी दोनपासून आडवी दोरी, टायर, आणि टायरांवर बसलेल्या बाया. एफ्राईनची बस पावणेबाराला इथून निघून गेली होती, हे ग्रिसेल्दाने मनात मोजलं आणि पुन्हा मोजायचं नाही असं ठरवलं.

साडेचारला तिने बाळाला शालीत घेतलं, हिमेनाचं बोट धरलं आणि दोरीपाशी गेली. पोटात काही उरलं नव्हतं आणि केसांना वास येत होता. ऐंशी वर्षांत या बाळाची एकही मिस्सा चुकली नव्हती. चुकली असती ती पहिल्यांदा, तिच्या हातून.

दोरीपाशी टायरावर कर्णा घेऊन बसलेली बाई पन्नाशीची होती. "पाणी आल्याशिवाय बस जाणार नाही, मुली. उगाच पाया पडू नकोस."

ग्रिसेल्दाने शाल बाजूला केली.

बाई टायरावरून उठली. "हा कुठला?"

"वाहाकाचा. सहाची मिस्सा आहे."

"मग हा या वेळी इथे काय करतोय?"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर दोन रकान्यांपासून सुरुवात करावी लागली असती. ग्रिसेल्दा एवढंच म्हणाली, "मी शहाणपणा केला."

बाईने पायाने एक टायर बाजूला सारला. मग तिने दोरी उचलली. "बाळ जाईल. बस थांबेल. तू कोण त्याची?"

"धर्ममाता."

"मग तूही. आणि ही?"

"माझी मुलगी."

एवढं ऐकेपर्यंत बसमधले वीस-पंचवीस जण खाली उतरून मागे उभे होते. गवंडी म्हणाला, मी त्याचा मामा. त्याच्यामागचा म्हणाला, मीही. एक सूटवाला माणूस म्हणाला, की तो आईच्या बाजूने मामा आहे.

"एवढे मामा असून बाळाला पोचवायला ही एकटी?" बाई म्हणाली. "बसा सगळे. तमाले आहेत, खा."

दोरीपलीकडे अडकलेल्या ट्रकांची रांग संपेपर्यंत त्या दोघी चालल्या. पार शेवटी एक टर्की कोंबड्यांची गाडी कंटाळून मागे वळत होती. पुढे जागा नव्हती. मागे होती.

*

सहाला पाच कमी असताना त्या चर्चच्या पायऱ्यांशी उतरल्या. दोन्या मातिल्दे दारात उभ्या होत्या, एफ्राईन रिकामी खुर्ची छातीशी धरून, आणि रोसाउरा दोन पायऱ्या वर. ग्रिसेल्दाच्या केसांत पिसं होती. दोन्या मातिल्देंनी आधी ती काढली, एकेक करून. मग बाळ घेतलं, खुर्चीत बसवलं, झगा सारखा केला. त्यांचा अंगठा उजव्या हाताच्या बोटावर येऊन थांबला.

ग्रिसेल्दाने दिवसभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "माझ्या हातून मोडलं," ती म्हणाली. "काल सकाळी."

दोन्या मातिल्दे वाकल्या आणि रोसाउराला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "उजव्या हाताचं ना? डावं माझ्या हातून गेलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी." मग आकाशाकडे एक नजर टाकून, आणखी हळू, "सासूबाईंना अजून माहीत नाही."

त्या ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "धर्ममाते, पुढे चल. तीन वर्षांचा मान असतो, मुली. पुढच्या वर्षी कशाने आणणार आहेस?"

एफ्राईनने बाळासकट खुर्ची तिच्या हातात दिली.

मिस्सा सुरू झाली. शंभरेक बाळं शंभरेक मांड्यांवर, मेणाचा वास, आणि ग्रिसेल्दाचे डोळे मिटू लागलेले. फादर प्रवचनात सांगत होते, की परमेश्वराला येण्याजाण्याची गरज नसते. तो डोंगरात आहे, शहरात आहे, या देवळात तर आपण येण्याच्या आधीपासून आहे. बाया माना डोलवत होत्या. ग्रिसेल्दानेही डोलवली.

हिमेनाने बाळाकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं, आणि आईच्या विस्कटलेल्या केसांजवळ तोंड नेऊन विचारलं, "आई, तो आधीपासून इथेच होता, तर मग आपण कुणाला घेऊन आलो?"