बर्निससाठी राखलेली जागा

"चारच दिवस? अगं, चार आठवडेसुद्धा हे घर मी एकटा सांभाळीन!"

हे मी माझ्या बायकोला, बर्निसला, चांगलं ठणकावून सांगितलं. तेव्हा तिला नुकतीच भूल दिली होती. शुद्धीत असलेल्या बर्निसला ठणकावून काही सांगण्याची माझी छाती एकोणपन्नास वर्षांत झालेली नाही.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन सोमवारी होतं, गुरुवारी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली. "बर्फावरून त्यांना चालवायचं नाही. पडल्या तर पुन्हा उभ्या राहतील की नाही, मी सांगू शकत नाही."

म्हणजे गाडी अगदी दारात लागायला हवी. आता आमच्या लिंडन हाइट्सच्या नावातच काय ती उंची आहे. क्लीव्हलँड शहराला चिकटलेली, कारखान्यांसाठी वसवलेली ही वस्ती. त्यातले निम्मे कारखाने बंद पडले, पण घरं मात्र अजून एकमेकांना अशी खेटून आहेत, की शेजारचा चेस्टर शिंकला तर माझ्या पुस्तकाचं पान उलटतं. गाड्या सगळ्यांच्या रस्त्याकडेला. बर्फ पडला की नियम एकच. ज्यानं फावडं मारून जागा मोकळी केली, त्यानं तिथे खुर्ची ठेवायची. खुर्ची आहे तोवर जागा त्याची. मग आमचे महापौर आले तरी त्यांनी गाडी पुढे न्यायची!

हे फावड्याचं आणि खुर्चीचं काम आमच्याकडे बर्निस करायची. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसायचो आणि तिला धीर द्यायचो.

चेस्टरला "जरा जागेकडे बघ रे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण कोणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. कागद कधी "का रे बाबा?" असं विचारत नाही.

तेव्हा सोमवारी मी स्वतः दोन तास बर्फ उपसला आणि स्वयंपाकघरातली स्टीलच्या पायांची एक खुर्ची बाहेर आणली. ती रस्त्यात ठेवणार, तेवढ्यात वाटलं, बर्फ लोटणारी गाडी आली तर हिचा चुराडा करील! म्हणून मी ती तीन फूट अलीकडे, कडेच्या गवताच्या पट्टीवर ठेवली. स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश होऊन हॉस्पिटलात गेलो.

परत येतो तर खुर्ची गायब!

मंगळवारी दुसरी ठेवली. गायब. बुधवारी सकाळी तिसरी, दुपारी चौथी. दोन्ही गायब! घरात टेबल उरलं, बसायला काही नाही. मी ओट्याशी उभा राहून सूप प्यालो आणि विचार केला. असं काय ठेवावं, ज्याला चोरसुद्धा हात लावणार नाही?

उत्तर अंगणातच उभं होतं. बर्निसची मदर मेरी! कमरेएवढी, सिमेंटची, दर ईस्टरला बर्निस तिला निळा रंग देते. गुरुवारी सकाळी मी तिला हातगाडीवरून आणलं आणि या खेपेला थेट रस्त्यात, मोकळ्या जागेच्या बरोबर मध्ये उभं केलं. दिवस अंधारलेला होता. कोणी धडकू नये म्हणून तिच्या पायाशी बॅटरीचा कंदील लावला. खिडकीतून पाहिलं तर दृश्य फारच गंभीर दिसत होतं. वाटलं, जमलं बुवा!

अर्ध्या तासात चेस्टर दारात. हा माणूस अडतीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात होता, त्यामुळे "गुड मॉर्निंग" सुद्धा तीन घरांना ऐकू जाईल असं म्हणतो. आज मात्र टोपी काढून कुजबुजला.

"एमिल, हे ठेव."

चार किलोंचा तरी भाजलेला हॅम होता!

"अरे वा! बर्निसला फार आवडतो!"

चेस्टरचा खालचा ओठ थरथरला. "माहीत आहे रे," म्हणाला आणि तोंड फिरवून निघून गेला. तीस वर्षं शेजारी राहून या माणसाचा हॅमवर एवढा जीव आहे हे मला कळलं नव्हतं.

मग समोरची जेराल्डीन आली. तिनं जन्मभर शहराची बस चालवली. अजूनही समोरच्याला ती उतारूसारखीच वागवते. तिच्या हातात चीज घातलेल्या मॅकरोनीचं भलंमोठं भांडं.

"एमिल, कधी आणणार तिला?"

"दोन-अडीचपर्यंत."

"एवढ्या लवकर?"

"ठेवून काय करायचं तिथे? त्यांना खाट हवी असते."

"आणि थेट घरीच?"

"मग कुठे नेऊ?"

जेराल्डीननं डोळे पुसले. "जुन्या पद्धतीनं. हल्ली कोणी घरी आणत नाही. शाबास. तू काही करू नकोस, सगळ्यांना मी कळवते." जाता जाता तिनं माझ्या गालाला हात लावला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की काय कळवणार हे विचारायचंच राहिलं. लोक चांगले आहेत एवढं मनाशी म्हटलं आणि पलीकडच्या गल्लीत लावलेली गाडी काढली.

अडीचला बर्निसला मागच्या सीटवर नीट बसवून आमच्या गल्लीत वळलो आणि बघतो तर काय! दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या! मोकळी जागा एकच, आमची. पण तिच्यात जाणार कसा? मेरीभोवती फुलांचे गुच्छ, काचेतल्या मेणबत्त्या आणि मान खाली घातलेली पंचवीस-तीस माणसं!

मी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली.

"एमिल, कोण गेलं?" बर्निसनं विचारलं.

"माहीत नाही गं."

"आपल्या दारात माणसं उभी आहेत आणि तुला माहीत नाही?" ती मोजू लागली. "चेस्टर आहे. जेराल्डीन आहे. कोपऱ्यावरचे दोघं आहेत. तू इथे, मी इथे..." मग ती थांबली. "एमिल, माझी मेरी रस्त्यात काय करतेय?"

मी काही उत्तर देण्याआधीच तिनं काच खाली केली.

"चेस्टर! टोपी घाल आधी! टाळकं गारठेल!"

चेस्टरच्या हातातली मेणबत्ती त्याच्याच बुटावर पडली. कोणीतरी किंचाळलं. जेराल्डीन मात्र बसच्या आवाजात ओरडली, "बर्निस, तू मेली नाहीस?"

"अजून नाही! फुलं कोणी आणली? पेट्रोल पंपावरची दिसतात!"

मग जो गलका झाला! माणसं हसत होती, रडत होती, गाडीच्या खिडकीतून हात घालून बर्निसला चाचपून पाहत होती. चेस्टरनं मला छातीशी असं आवळलं, की कोट कुठून तरी उसवला.

"गाढवा! बर्निस हॉस्पिटलात, आणि तू रोज एकेक खुर्ची कचऱ्यात टाकत होतास. मग मेरी, दिवा! आम्ही काय समजायचं?"

"कचऱ्यात? मी जागा राखत होतो!"

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. भंगारवाल्या लुईसची गाडी. वर माझ्या चारही खुर्च्या दोरीनं बांधलेल्या.

"काका," तो खाली उतरून म्हणाला, "पंपावर कळलं, त्या घरची बाई गेली. मेलेल्या माणसाच्या खुर्च्या मोडीत घालायला हात होईना. परत आणल्यात. एक डुगडुगत होती, तिचे स्क्रू आवळलेत."

"पण मुळात नेल्यास कशाला?"

"अहो, अवजड कचऱ्याचा आठवडा! गवतावर ठेवलं म्हणजे ज्याला हवं त्यानं न्यावं. रस्त्यात ठेवली असती तर बापजन्मात शिवलो नसतो!"

तीन फूट. माझी दूरदृष्टी तीन फुटांनी चुकली होती.

आता प्रश्न उरला बर्निसचा. गाडीपासून दारापर्यंत लोकांच्या बुटांनी बर्फ तुडवून काचेसारखा गुळगुळीत केला होता. लुईसनं काही न विचारता एक खुर्ची सोडली, जेराल्डीननं बर्निसला तीत बसवलं, आणि चेस्टर, लुईस व कोपऱ्यावरचे दोघं अशा चौघांनी खुर्ची उचलली.

"सावकाश!" जेराल्डीन पुढे चालत ओरडत होती. "डावीकडे घ्या! पायरी आहे!"

बर्निसचा पाय जमिनीला लागला नाही. ती स्वयंपाकघरात टेबलाशी पोहोचली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी सोमवारपासून नीट श्वास घेतलेला नाही. फ्रीजला टेकून मी तो घेतला. बर्निसनं ते पाहिलं. माझा हात एकदा दाबला.

कोणीही घरी जायला तयार नव्हतं. बर्निसनं स्वतःच्या मयताचा हॅम दोनदा मागून घेतला आणि अंत्यविधीला तिच्याबद्दल कोण काय बोलणार होतं ते एकेकाकडून वदवून घेतलं.

"मी म्हणणार होते, माझं केकचं भांडं सहा वर्षांत परत आलं नाही," जेराल्डीन म्हणाली.

मग मला आठवलं, गाडी अजून रस्त्याच्या मधोमध आहे! धावत बाहेर गेलो. लोकांनी फुलं उचलली होती, मेरीला अंगणात जागेवर नेऊन ठेवलं होतं. सोमवारपासून राखलेली ती जागा स्वच्छ, रिकामी... नव्हती! तिथे आमच्या चर्चच्या फादरांची गाडी उभी होती, आणि स्वतः फादर काळा कोट सावरत, चेहरा पाडून माझ्याकडे येत होते.

"एमिल, मी इथे गाडी लावली तर चालेल ना?"

मी म्हणालो, "अवश्य, फादर. तुमच्यासाठीच ठेवली होती."

गाडी मी तीन गल्ल्या पलीकडे लावली आणि बर्फातून चालत परत आलो. दोनदा घसरलो.

"मिळाली ना रे जागा?" बर्निसनं आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अगदी दारात."